अकराव्या घराचा बाण

मित्रांनो, मी एक जुना खाकी कागद आहे. लांबी नऊ फूट, आणि उजव्या कडेला नंतर डकवलेला दीड फुटाचा तुकडा. मला पाहून कुणीही म्हणेल, हा तर पाण्याचे मीटर गुंडाळायचा कागद. म्हणू द्या, ते खरेच आहे. पण माझ्यावर एका पाणीपुरवठा कार्यालयाचे सगळे आतले बोलणे काढलेले आहे. कोणता संगणक कोणत्या संगणकाला काय सांगतो, कधी सांगतो आणि कसे सांगतो, ते सगळे. एकशे सात बाण आहेत माझ्यावर. त्यांतला एक पहिल्यांदा अर्धाच काढला गेला होता. त्याच्या खऱ्या टोकाला एक माणूस होता. आठवड्यातून तीन सकाळी तो एका यंत्राला जोडलेला असायचा आणि ते यंत्र नळाच्या पाण्यावर चालायचे. पाणी अचानक बंद झाले असते तर त्याच्या जिवावर बेतले असते, आणि ज्यांनी पाणी बंद करायचे ठरवले होते त्यांना तो आहे हेच ठाऊक नव्हते. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. अधूनमधून माझी स्वतःची बढाई येईल, तेवढी पोटात घाला.

माझे बालपण म्हणाल तर लगद्यात गेले. मग रुळांमधून पिळून निघालो, वाळलो, गुंडाळला गेलो आणि एका ट्रकमधून या कार्यालयाच्या भांडारात येऊन पडलो. भांडार तळमजल्यावर होते. खिडकी एकच, तीही पाइपांच्या ढिगामागे. तिथल्या भांडारपालाला सगळे भांडारकाका म्हणत. साधी टाचणी हवी असली तरी ते माणसाला दोनदा मागायला लावत. पहिल्यांदा मागणाऱ्याला खरी गरज नसते, असा त्यांचा पक्का समज होता. माझ्या शेजारीच नव्या मीटरांची खोकी रचलेली होती. आपले हातहातभर तुकडे होणार हे मला कळून चुकले होते, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती.

मग एक दिवस ती आली. वय पस्तिशीच्या आसपास, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, पायांत सपाट चपला.

"काका, एक मोठा कागद हवाय."

"ड्रॉइंगचा ताव देतो."

"तो नाही पुरणार. भिंतीएवढा हवा."

"मग हा घेऊन जा," काका माझ्याकडे बोट दाखवून थट्टेने म्हणाले. तिने मला खरोखरच उचलले आणि ती चालू लागली. तिला दोनदा मागायला लावायचे राहून गेले, ही गोष्ट काकांना पुढे बरेच दिवस लागून राहिली होती.

तिचे काम काय होते ते आधी सांगतो. या कार्यालयात नऊ प्रोग्रॅम होते. एक ग्राहकांची नावे ठेवायचा, एक मीटरचे आकडे, एक दुरुस्त्यांची यादी, एक पाणी सोडायचे वेळापत्रक, एक प्रयोगशाळेतल्या तपासण्या, असे करत करत नऊ. वेगवेगळ्या वर्षी आणलेले, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले. एका घरात राहून एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलणाऱ्या भावंडांसारखा त्यांचा कारभार होता. त्यांत सर्वांत जुना होता तक्रारींचा प्रोग्रॅम. सकाळी सुरू व्हायलाच त्याला पंधरा मिनिटे लागत, म्हणून सगळे त्याला म्हातारा म्हणत. या म्हाताऱ्याला निवृत्त करून नवा प्रोग्रॅम आणायचे ठरले होते. पण त्याला काढला तर कोणाचे काय अडेल, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते. ते शोधून काढायला साहेबांनी तिला आणले होते.

संगणकावर असे नकाशे काढता येतात. तिलाही येत होते. पण ती म्हणायची, "पडद्यावरचं चित्र दाखवलं की लोक नुसती मान डोलावतात. भिंतीवर कागद लावला की बोट ठेवून सांगतात, हे चुकलंय म्हणून." तिने मला पहिल्या मजल्यावरच्या बोळात, खिडकीशेजारी ठोकले. माझ्या खालच्या कोपऱ्याला दोरीने एक टोकयंत्र बांधले. नऊ चौकटी काढल्या आणि मग बाण काढायला सुरुवात केली. आठवड्याभरात तिचे नाव बाणबाई पडले. तिने ते आनंदाने लावून घेतले. फोनवरसुद्धा "बाणबाई बोलतेय" म्हणायची.

मित्रांनो, मी पुढे पुष्कळ हुशार माणसे पाहिली, पण तिच्यासारखी पद्धत कुणाची नव्हती. प्रत्येक बाण ती आधी पेन्सिलीने काढायची. माहिती जिथून निघते तिथे जाऊन उभी राहायची, ती निघताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. मग जिथे पोचते तिथे चालत जायची आणि ती पोचताना बघायची. त्यानंतरच पेन्सिलीवरून शाई फिरवायची. संगणकाने संगणकाला आपोआप सांगितले तर निळी शाई, माणसाच्या हातून, कागदावरून किंवा तोंडी गेले तर लाल. "टोकाला उभं राहिल्याशिवाय शाई नाही," असे ती म्हणायची, आणि कुणी कितीही घाई केली तरी बधायची नाही.

लोक हसायचे. मग प्रयोगशाळेचा बाण आला आणि हसणे थांबले. पाणी तपासल्याचा निकाल प्रयोगशाळेकडून पंपघराला संगणकावरून आपोआप जातो, असे दोन्हीकडच्या प्रमुखांनी छातीठोकपणे सांगितले होते. बाणबाई सकाळी आठला पंपघरात जाऊन उभी राहिली. तिथल्या संगणकावर झाकण होते आणि झाकणावर धूळ. साडेनऊला चावीवाला आला. रस्त्यांवरचे व्हॉल्व्ह लांब चावीने उघडणारा आणि बंद करणारा तो माणूस. त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून पंपचालकाला दिला.

"हे काय?" बाणबाईने विचारले.

"निकाल, ताई. रोजचा. मी इकडून जातोच, म्हणून आणतो."

"किती दिवस?"

चावीवाल्याने जरा आठवून पाहिले. "संगणक बिघडला तेव्हापासून. सहा वर्षं झाली असतील."

तो बाण लाल झाला. साहेबांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला.

साहेब वाईट नव्हते. पण वरच्या मंडळासमोर त्यांना मला दाखवायचे होते, आणि त्यांना लाल रंगाची धास्ती होती. माझ्यासमोर उभे राहून एकदा म्हणाले, "मॅडम, जरा जास्तच लाल दिसतंय हो. गोवर आल्यासारखं." बाणबाई म्हणाली, "आहे तेवढंच काढलंय, साहेब." मला मात्र तेव्हा थोडी लाज वाटली. अंगभर निळा असतो तर किती रुबाबदार दिसलो असतो, असेही मनात येऊन गेले. लहान होतो तेव्हा.

आता चुकीकडे येतो. तक्रारींच्या टेबलाशी एक मावशी बसायच्या. सत्तावीस वर्षे तेच टेबल, तोच काळा टेलिफोन, आणि समोर म्हाताऱ्याचा पडदा. दुरुस्तीसाठी पाणी बंद करायचे ठरले की दुरुस्तीच्या प्रोग्रॅममधून म्हाताऱ्याला सूचना यायची: अमुक रस्ता, अमुक वेळ. बाणबाई दुरुस्ती विभागात उभी राहिली, सूचना निघताना पाहिली. वर चालत आली, मावशींच्या पडद्यावर ती उमटताना पाहिली. मग विचारले, "मावशी, ही सूचना तुमच्याकडून पुढे कुठल्या प्रोग्रॅमला जाते?"

"कुठल्याच नाही, बाई. इथेच थांबते," मावशी म्हणाल्या.

बाणबाईने माझ्याकडे येऊन निळी शाई फिरवली. बाण म्हाताऱ्याच्या चौकटीशी येऊन थांबला. त्याच्या उजवीकडे माझी बोटभर जागा कोरीच राहिली. मला काही खटकले नाही. खोटे कुणी बोलले नव्हते, पाहिल्याशिवाय शाईही कुणी लावली नव्हती.

दोन महिन्यांनी रंगीत तालीम ठरली. बुधवारचा दिवस. एक दिवस म्हाताऱ्याला बंद ठेवायचा, नव्या प्रोग्रॅमवर सगळे काम करायचे आणि काय अडते ते पाहायचे. सकाळी नऊला मावशींचा पडदा काळा झाला. नेमका त्याच सकाळी जवळच्या एका कोपऱ्यावर पाइप फुटला. दुरुस्तीवाल्यांनी अकराला पाणी बंद करायचे ठरवले. नव्या प्रोग्रॅमने त्या भागातल्या प्रत्येक नोंदलेल्या मोबाइलवर संदेश पाठवला आणि सगळे संदेश पोचल्याची हिरवी खूण दाखवली. साहेबांचा चेहरा इतका खुलला की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मावशींना काम उरले नव्हते. आपला कप घेऊन त्या बोळात आल्या आणि माझ्या शेजारच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली चावीवाला सायकलला चावी बांधून निघाला होता. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

"हा कुठे निघाला?" त्यांनी बाणबाईला विचारले.

"पाइप फुटलाय. अकराला पाणी बंद होणार."

मावशींनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "मग माझे फोन?"

"कुठले फोन, मावशी?"

"पाणी बंद व्हायच्या आधी मी करते ते. अकरा घरांना."

बाणबाईचा हात अंबाड्यातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

मावशी बोलता बोलताच टेबलाकडे निघाल्या होत्या. "त्या रस्त्याला घड्याळजी राहतात. त्यांची मूत्रपिंडं गेलीयत. घरीच यंत्रावर रक्त शुद्ध करून घेतात, चार तास न थांबता पाणी लागतं त्याला. आज बुधवार. आत्ता लावलेलं असणार." त्यांनी नंबर फिरवला, पाठ होता तो. कानाला लावला, पुन्हा फिरवला. "आवाजच नाही, बाई. फोन मेलाय."

नंतर कळले की पाइप शोधायला खणताना दुरुस्तीवाल्यांच्याच फावड्याने टेलिफोनची तार तुटली होती. दुसरा नंबर कुणाकडे नव्हता. आणि तो हिरव्या खुणेचा संदेश? तोही पोचला होता, पण घरमालकाला. घर त्याच्या नावावर, मोबाइल त्याचा, आणि तो राहायचा दुसऱ्याच शहरात. बाणबाईने चावीवाल्याला फोन लावला. तो खाली भांडारात वाजला. भांडारकाकांनी उचलून सांगितले, "तो विसरला नाही हो, ठेवून गेलाय. मागचा खड्ड्यात पडला होता."

बाणबाई धावत सुटली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज मी ऐकला, आणि फाटकापाशी एकाच चपलेचा.

गलबला ऐकून साहेब बाहेर आले. "मॅडम कुठे धावल्या?" मावशी तोवर उरलेल्या दहा घरांना फोन करू लागल्या होत्या. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि दोन वाक्यांत सांगितले. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी शेजारचा फोन उचलला आणि दुरुस्ती प्रमुखाला लावला. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू येत होता, रस्त्यावर गुडघाभर पाणी साचल्याचा. साहेब म्हणाले, "वाहू दे. मी सांगेपर्यंत व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही. लेखी हवं असेल तर लेखी देतो." त्या दिवशी मला ते साहेब फार आवडले. पण दुरुस्ती प्रमुख एका टोकाला होता आणि व्हॉल्व्ह तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या टोकाला.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. भिंतीवर होतो. चावीवाल्याने माझ्यासमोर ते चार वेळा सांगितले. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला बावीस आटे द्यावे लागतात. बाणबाई पोचली तेव्हा पहिल्या सांगण्यात त्याचे नऊ आटे झाले होते, चौथ्या सांगण्यापर्यंत ते सतरा झाले. बाणबाई म्हणाली, चौदा. मी तिचेच खरे धरतो, कारण मोजायची सवय तिला होती. तिला बोलता येत नव्हते इतका दम लागला होता. तिने नुसती त्याच्या चावीवर दोन्ही हातांची मूठ आवळली. चावीवाल्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि एकही प्रश्न न विचारता उलटे आटे द्यायला लागला.

मग ती पहिल्या मजल्यावर, घड्याळजींच्या घरात गेली. त्यांची बायको शिवणकाम करायची. खोलीत एका बाजूला शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला ते रक्ताचे यंत्र. पाणी बारीक झाल्यामुळे यंत्र ओरडायला लागले होते. शिंपीणबाई शिकवल्याप्रमाणे बटणावर हात ठेवून उभ्या होत्या, आता थांबवावे लागणार म्हणून. तेवढ्यात नळीतले पाणी पुन्हा जोरात आले आणि ओरडणे थांबले. त्यांनी मागे वळून पाहिले, तर दारात ही धापा टाकत उभी.

"तुमची एक चप्पल कुठाय?" शिंपीणबाईंनी विचारले. बाणबाई खाली बसली आणि रडली.

दुपारी ती परत आली. माझ्यासमोर साहेब होते, मावशी होत्या. मावशींचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही विचारलंत पुढे कुठल्या प्रोग्रॅमला जातं. मी खरंच ते सांगितलं. मला वाटलं, फोन म्हणजे काय, ते आपलं नुसतं सांगणं झालं. त्याला तुम्ही माहिती म्हणत असाल असं कधी वाटलंच नाही."

"तुम्ही बरोबरच सांगितलंत," बाणबाई म्हणाली. "मी विचारलं चुकीचं. पडद्याला टोक समजले. पडदा बघणाऱ्या माणसापाशी मी उभीच राहिले नाही." हे तिने साहेबांसमोर म्हटले, खाली मान न घालता. स्वतःची चूक इतक्या सरळपणे सांगणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते, आणि नंतरही फारसे पाहिले नाही.

मग तिने पेन्सिल काढली. म्हाताऱ्याच्या चौकटीशेजारी मावशींची चौकट काढली आणि तिथून बाण उजवीकडे नेला. बोटभर अंतरावर मी संपलो. ती पुन्हा भांडारात गेली. या वेळी काकांनी दीड फुटाचा तुकडा पहिल्याच मागणीला दिला. डकवताना एक कड साहेबांनी धरली. त्यांच्या बाहीला डिंक लागला तरी त्यांनी हात हलवला नाही. त्या नव्या तुकड्यावर बाणबाईने अकरा छोटी घरे काढली, मावशी एकेक सांगत गेल्या: पाळणाघर, प्रसूतिगृह, तिसऱ्या मजल्यावरचे दोघे म्हातारे... अकरावे घड्याळजींचे.

"लाल वाढला, साहेब," ती म्हणाली.

"वाढू दे," साहेब म्हणाले.

तालीम तीन आठवडे पुढे गेली. त्या तीन आठवड्यांत बाणबाई कार्यालयातल्या प्रत्येक टेबलाशी पुन्हा जाऊन बसली. पण आता ती "हे कुठे पाठवता?" असे विचारत नव्हती. ती विचारायची, "हे कळल्यावर तुम्ही काय करता?" एवढ्या एका प्रश्नाने आणखी एकोणीस बाण निघाले. प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाई, नमुना बिघडलेला दिसला की निकाल लिहिण्याआधीच खिडकीतून पंपघराला पिवळे फडके हलवून दाखवायच्या, हे त्यांच्या प्रमुखांनासुद्धा ठाऊक नव्हते. मला त्या माणसांचे फार कौतुक वाटते, मित्रांनो. कुणी सांगितले नव्हते, कुठे लिहिले नव्हते, आणि तरी वर्षानुवर्षे ती इमानाने करत होती.

तालमीच्या आदल्या आठवड्यात एक सडपातळ गृहस्थ काठी टेकत जिना चढून आले. बरोबर शिंपीणबाई होत्या. घड्याळजींना आपले घर पाहायचे होते. त्यांनी खिशातून घड्याळे दुरुस्त करायचे भिंग काढून डोळ्याला लावले आणि माझ्या उजव्या कडेवर वाकले.

"मी इथे आहे होय," त्यांनी घरावर बोट ठेवले. मग बाण मागे मागे पाहत गेले. "आणि परतीचा बाण?"

"परतीचा?" बाणबाईने विचारले.

"मावशी सांगतात, मग मी म्हणतो, ऐकलं. ते ऐकल्याशिवाय त्या फोन ठेवत नाहीत. त्या दिवशी नेमकं तेच राहिलं ना? तुमच्या संदेशाला कुणी 'ऐकलं' म्हणालंच नव्हतं."

 बाणबाईने पेन्सिलीने परतीचा बाण काढला. त्यावर शाई मात्र लगेच लावली नाही. पुढच्या वेळी पाणी बंद करायचे होते तेव्हा आधी ती घड्याळजींच्या खोलीत जाऊन बसली, त्यांना "ऐकलं" म्हणताना पाहिले. त्याच्या पुढच्या वेळी ती मावशींच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि तो शब्द तिथे पोचताना ऐकला. मग शाई लावली. नव्या प्रोग्रॅममध्ये त्या बाणासाठी एक अट घातली गेली: अकराही घरांचे "ऐकलं" नोंदल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करायचा आदेश छापलाच जात नाही. म्हातारा निवृत्त झाला तेव्हा कुणाचेही काही अडले नाही. मावशींनी मात्र त्याच्या काळ्या पडद्यावरून एकदा फडके फिरवले.

त्यानंतरची काही वर्षे माझ्या वैभवाची. दुसऱ्या कार्यालयांतले लोक मला पाहायला येत, फोटो काढत. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी माझ्यासमोर उभे करत आणि अकराव्या घरावर बोट ठेवायला लावत. त्या घरावर बोटांचा एक तेलकट डाग पडला आहे, तो मला दागिन्यासारखा वाटतो. पण दिवस सारखे राहत नाहीत. बाणबाई दुसऱ्या गावच्या कामावर गेली. जाताना तिने मला संगणकात उतरवून ठेवले होते, त्यामुळे भिंतीला नवा रंग द्यायचे ठरल्यावर मला गुंडाळून पुन्हा भांडारात ठेवले गेले, त्याच मीटरांच्या खोक्यांशेजारी. साहेब गेले, काका गेले, मावशी निवृत्त झाल्या. घड्यांवर मी फाटू लागलो. दोन कोपरे उंदरांनी नेले. मला कुणाचा राग आला नाही, पण एकटे वाटले, हे कबूल करतो.

घड्याळजी त्या बुधवारनंतर आठ वर्षे जगले. ते गेल्यावर महिन्याभराने शिंपीणबाई कार्यालयात आल्या. मावशींच्या जागी आता एक तरुण फोनवाली होती. शिंपीणबाई तिला म्हणाल्या, "आमचं घर यादीतून काढा. आता गरज नाही."  फोनवाली त्यांना खाली भांडारात घेऊन आली आणि दोघींनी मला जमिनीवर उलगडले. शिंपीणबाईंनी तो डाग पाहिला, परतीचा बाण पाहिला. फोनवालीने फुली मारायला पेन्सिल पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. माझ्या घडीवरची चीर बोटांनी चाचपत म्हणाल्या, "हा फाटायला आलाय. आधी याला अस्तर लावते, मग बघू."

आणि मित्रांनो, अशा रीतीने मी त्या घरात गेलो. इतकी वर्षे जे घर माझ्यावर अंगठ्याएवढे होते, त्या घरात. रक्ताच्या यंत्राची जागा रिकामी होती, भिंतीवर त्याच्या नळीची खूण राहिली होती. शिंपीणबाईंनी मला पांढऱ्या कापडाचे अस्तर घातले, चारी कडांनी शिलाई मारली. त्या शिवत असतानाच फोन वाजला.

फोनवालीने नाव काढले नव्हते. "उद्या दहा वाजता तुमच्या रस्त्याचं पाणी बंद आहे," ती सवयीने म्हणाली, आणि मग अडखळली. "चुकलं, बाई. तुम्हाला कशाला..."

शिंपीणबाई खुर्चीवरून अर्ध्या उठलेल्या होत्या. 

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्या जिना चढून वर गेल्या. वरच्या बिऱ्हाडात जुळी तान्ही मुले होती आणि त्यांची आई एकटी. तिला पाणी भरून ठेवायला सांगून, दोन बादल्या स्वतः भरून देऊन त्या खाली आल्या. मग त्यांनी सुईत लाल दोरा ओवला आणि माझ्या अकराव्या घरापासून वर एक बोटभर बाण हाताने टाचून काढला. त्याच्या टोकाला टाक्यांचेच एक घर केले.

आज मी पुन्हा भांडारात आहे, पण खुंटीवर, सरळ टांगलेला. एकशे सात बाणांत तो दोऱ्याचा बाण धरलेला नाही. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत असे जुने कागद असतील तर ते फेकण्याआधी एकदा पूर्ण उलगडून बघा. कुठे रेघ मध्येच थांबलेली दिसली, तर तिथे जो माणूस बसतो त्याच्याकडे जा आणि विचारा, हे कळल्यावर तुम्ही काय करता. परवा फोनवाली खाली आली होती. यादीत तिने बारावे घर लिहिले आहे, त्या जुळ्यांच्या आईचे. फोन अजून अकराव्या घरीच जातो, आणि "ऐकलं" दोन्ही घरांचे येते.